सोलापूरच्या काळ्या मातीत पंपास गवत कसं जगवायचं?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. बंगल्यासमोर साधारण 12 बाय 20 फुटांची मोकळी जागा, माती काळी, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बाकी सगळं बोअरवर. त्यांनी पंपास गवताची तीन रोपं ऑनलाइन मागवली. ती दोन महिने गच्चीवर कुंड्यांत आहेत आणि पानांची टोकं वाळत चालली आहेत. आता एप्रिलमध्ये ती जमिनीत लावू का, फाटकाच्या दोन्ही बाजूंना शोभतील का, तुरे कधी येतील, घरात दोन लहान मुलं आहेत तर चालेल का, असं त्यांनी विचारलंय. सासूबाईंचं म्हणणं, एवढं दाट गवत दारात लावलं की साप येणार.

ताई, रोपं जमिनीत लावता येतील. पण एप्रिलमध्ये नको, खड्डा खणून नको आणि फाटकाजवळ तर मुळीच नको. सगळं नीट जमलं तर पहिला चांगला तुरा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यानंतर दिसेल. मी वीस वर्षांहून जास्त काळ सोलापूर आणि आसपास बागा करतोय. या गवताने मला जेवढं शिकवलं तेवढं गुलाबानेही शिकवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी तुमच्याकडे आलेलं रोप पंपासच आहे ना, ते बघा. बाजारात तुऱ्याचं कुठलंही गवत ‘पंपास’ म्हणून खपवलं जातं. सर्वांत जास्त फसगत होते ती फाउंटन ग्रासमध्ये. त्याचं पान बारीक असतं आणि लावल्यावर काही महिन्यांतच त्याला बोटभर जाडीची, कोल्ह्याच्या शेपटीसारखी लोंबी येते. दिसायला छान, पण ते पंपास नाही. खऱ्या पंपासचं पान लांब, वरून कमानीसारखं वाकलेलं, किंचित राखाडी झाक असलेलं हिरवं असतं, आणि मधोमध ठळक शीर असते. पान जिथे खोडाला बिलगतं तिथे आतल्या बाजूला बारीक केसांची झालर दिसते. सगळ्यात सोपी खूण म्हणजे कड. जुन्या सुती कापडाचा तुकडा पानाच्या कडेवरून टोकाकडून बुडाकडे ओढा. तो अडकला, धागे निघाले, तर पंपास असण्याची शक्यता जास्त. बोटाने करून बघू नका. उसाच्या फडात पाचट काढताना हातावर जे ओरखडे उठतात, तसेच उठतील. ऊस आणि पंपास एकाच गवत कुळातले. पंपासच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द ‘कॉर्टाडेरिया’ हा ‘कापणे’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आलाय, यातच सगळं आलं. दुसरा शब्द ‘सेलोआना’, तो दक्षिण अमेरिकेत वनस्पती गोळा करत फिरलेल्या फ्रिडरिश सेलो या जर्मन माणसाच्या नावावरून.

आणि निळ्या, जांभळ्या, गडद लाल पंपासचं बी कुणी विकत असेल तर पैसे वाया घालवू नका. या गवताचा तुरा रुपेरी, मलईसारखा पांढरा किंवा फिकट गुलाबी असतो. लग्नाच्या हॉलमध्ये मोरपंखी आणि राणी रंगाचे तुरे दिसतात ते रंगवलेले असतात.

आता हे गवत मूळचं कुठलं ते थोडं सांगतो, कारण तुमच्या बागेत ते कसं लावायचं याचं उत्तर त्यातच आहे. अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझील हा त्याचा मुलूख. ‘पंपा’ हा तिकडच्या केचुआ भाषेतला शब्द, अर्थ सपाट मैदान. म्हणजे आपल्या भाषेत माळ. आपण माळाच्या मुलखातली माणसं, त्यामुळे नाव ऐकलं की वाटतं, हे माळावरचं गवत, कोरड्यात वाढणारं, सोलापूरला अगदी फिट्ट. अर्धं खरं आहे ते. ऊन, वारा, कोरडी हवा, खारवट पाणी यांतलं बरंच काही ते सोसतं. पण तिकडे ते माळावर सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. त्याचे ठोंब जोमाने वाढतात ते नदीनाल्यांच्या कडेला, ओलाव्याच्या सखल पट्ट्यांत. म्हणजे मुळाजवळून पाणी जात राहावं हे त्याला आवडतं. पाणी मुळाशी कोंडून बसलं तर मात्र बुडखा कुजतो. आपल्या काळ्या मातीत पाणी जात नाही, बसतं. सोलापुरात पंपास मरतं ते बहुतेक वेळा उन्हाने नाही, सप्टेंबरच्या पावसाने.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. होटगी रस्त्याला एका बंगल्यात सहा रोपं लावायची होती. मी मनापासून काम केलं. तीन-तीन फूट खोल खड्डे खणले, खालची घट्ट काळी माती काढून टाकली, आणि त्यात शेणखत, गाळ, कोकोपीट असं मऊ मऊ मिश्रण भरलं. आंब्याला करतात तसं. जुलै-ऑगस्टमध्ये रोपं इतकी सुंदर फुटली की मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते. मग उत्तरा आणि हस्ताचा पाऊस झाला. आपल्याकडे वर्षातला सर्वांत जास्त पाऊस बहुतेक वेळा सप्टेंबरातच पडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आठवडाभर झड लागली. दिवाळीच्या आत सहातली चार रोपं पिवळी पडून हाताने ओढली तरी निघून येत होती. बुडखा काळा, आंबूस वास. एका ठिकाणी खड्डा उकरून पाहिला तर वरची माती वाफशावर आलेली आणि खाली दोन फुटांवर चिखल.

कारण साधं होतं. चिकण काळ्या मातीत खणलेला आणि मऊ मातीने भरलेला खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण. आजूबाजूचं पाणी झिरपत त्या पोकळ जागेत येतं आणि त्याला बाहेर जायला वाट नसते. खड्डा जितका खोल आणि आतली माती जितकी मऊ, तितका रांजण मोठा. तेव्हापासून काळ्या जमिनीत मी पंपाससाठी खड्डा घेत नाही, उंचवटा करतो.

तुमच्या जागेत असं करा. जिथे गवत हवंय तिथे चार-साडेचार फूट व्यासाचं वर्तुळ आखा. आतली माती कुदळीने फक्त वीतभर खोल ढिली करा. त्यावर सव्वा ते दीड फूट उंच उंचवटा रचा. प्रमाण: दोन घमेली काळी माती, दोन घमेली बारीक मुरूम, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. मुरूम तांबूस बघून घ्या. पांढरट, हाताला खडूसारखा लागणारा मुरूम नको, त्यात चुनखडी असते आणि आपल्या मातीत ती आधीच भरपूर आहे. बाजू उतरत्या ठेवा, पण इतक्या उभ्या नकोत की पहिल्याच पावसात ढासळतील. हा ढीग एक-दोन पाऊस बसून खाली दबतो, म्हणून लावणीच्या महिनाभर आधी रचून ठेवला तर उत्तम. उंचवट्याच्या बुडाशी पाणी तुंबत असेल तर तिथून एक उथळ चर काढून उताराकडे न्या. दिसायला हा ढीग सुरुवातीला विचित्र वाटतो. घरातले लोक विचारतात, इथे कुणाची समाधी बांधताय का. दोन वर्षांत ठोंब एवढा पसरतो की उंचवटा दिसतही नाही.

लावणी आर्द्रा नक्षत्रात, म्हणजे जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. उन्हाची धार तेव्हा मोडलेली असते आणि मुळांना सप्टेंबरच्या आधी दोन-अडीच महिने मिळतात. रोप कुंडीत जेवढं खोल होतं तेवढंच लावा. बुडखा मातीत पुरू नका, उलट बोटभर वरच राहू द्या. कुंडीतून काढल्यावर मुळांचं वेटोळं झालं असेल तर बाहेरची मुळं हाताने सोडवून घ्या.

अंतराबद्दल लोक ऐकत नाहीत. आज वीतभर दिसणारं रोप चार-पाच वर्षांत पाच-सहा फूट घेराचा ठोंब होतं आणि तुरा धरून आठ-दहा फूट उंच जातं. दोन ठोंबांत किमान सात फूट ठेवा. कंपाउंडच्या भिंतीपासून चार फूट, आणि ज्या वाटेने माणसं जातात तिच्यापासून सहा फूट. तुमच्या 12 बाय 20 मध्ये माझ्या मते एकच ठोंब लावा, मागच्या कोपऱ्यात, जिथे दिवसातून सहा तास तरी थेट ऊन येतं. फार तर दोन. तीन लावली तर बाकी बाग उरणार नाही. बुटकी जात हवी असेल तर ‘पुमिला’ नावाची मिळते. ती चार-पाच फुटांवर थांबते आणि लहान बंगल्यांना तीच जास्त शोभते. पुण्याहून येताना लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या पट्ट्यात रस्त्याला लागून पुष्कळ रोपवाटिका आहेत. तिथे चौकशी करा, पण तुरा लागलेला मूळ ठोंब दाखवा म्हणावं. तो का, हे पुढे सांगतो.

आता गच्चीवरच्या रोपांची टोकं का वाळताहेत? ती बहुधा काळ्या प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत किंवा कुंडीत असतील. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर असतो, मेमध्ये 42-43 होतो. अशा वेळी गच्चीच्या फरशीवर ठेवलेल्या काळ्या कुंडीतली माती हाताला चटका देते. पंपासचं पान ऊन सोसतं, भाजलेलं मूळ सोसत नाही. त्यात बोअरचं पाणी. रोज थोडं थोडं घातलं की पाणी उडून जातं आणि क्षार कुंडीत साठत राहतात. कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसते का बघा. दिसत असेल तर नळाला पाणी येईल त्या दिवशी प्रत्येक कुंडीत खालून धार लागेपर्यंत सावकाश पाणी ओता, दोन-तीनदा. क्षार धुऊन जातील. कुंड्या गच्चीवरून खाली आणा. पूर्वेकडच्या भिंतीशी ठेवा, सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारनंतर सावली. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. वाळलेली टोकं कात्रीने कापली तरी चालतील, पण रोपाला त्याने काही फरक पडत नाही, तो आपल्या डोळ्यांचा प्रश्न आहे. आर्द्रेपर्यंत एवढं सांभाळलंत की पुरे. आत्ता खत अजिबात नको.

जमिनीत गेल्यावर पाणी किती? पावसाळा ताण देत असेल, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं जातं, तर आठवड्यातून दोनदा 10-12 लिटर. पहिल्या उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी 12-15 लिटर. ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर ठोंबापासून वीत-दीड वीत अंतरावर लावून दीड-पावणेदोन तास चालवले की तेवढं होतं. बुडख्यावर पाण्याची धार सोडू नका. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा. तिसऱ्या वर्षापासून मूळ खोल गेलेलं असतं, मग दहा-पंधरा दिवसांनी एकदा भरपूर पाणी दिलं तरी ठोंब तग धरतो. फक्त कोरडा राहिला तर तुरे कमी आणि बारके येतात. उंचवट्यावर उसाचं पाचट किंवा ज्वारीच्या कडब्याचे तुकडे चार बोटं जाड पसरा. बुडख्याला चिकटून नको, वीतभर मोकळं ठेवून. कडबा हल्ली महाग झालाय, पण भुईमुगाची टरफलंही चालतात.

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्या तर घाबरून युरिया टाकू नका. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, त्याचं ते लक्षण. द्राक्ष-डाळिंबवाल्यांना हा आजार चांगला परिचयाचा आहे. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला पाच ग्रॅम, चिमूटभर लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. नुसतं जमिनीत टाकलेलं हिराकस चुनखडी गिळून टाकते. टाकायचंच तर शेणखतात मुरवून टाका.

खताचं म्हणाल तर वर्षातून एकदा, छाटणीनंतर, ठोंबाला एक घमेलं शेणखत. बस्स. नत्र जास्त झालं की पानांचा डोंगर होतो आणि तुरा रुसतो. ऊसवाल्यांना तुरा म्हणजे नुकसान, साखर गेली. आपल्याला तुराच हवाय, म्हणून इथे खताचा हात आखडता घ्यायचा.

तुऱ्यांबद्दल आता नीट सांगतो. पंपासमध्ये दोन प्रकारचे ठोंब असतात. एक फक्त मादी. तिचा तुरा भरगच्च, रेशमी, महिनोन्‌महिने टिकणारा. दुसरा द्विलिंगी, जो प्रत्यक्षात नराचंच काम करतो. त्याचा तुरा विरळ, ताठर आणि लवकर मलूल होणारा. बियांपासून केलेल्या रोपांत दोन्ही प्रकार मिसळून येतात आणि तुरा येईपर्यंत कुणालाही सांगता येत नाही. तीन-चार वर्षं सांभाळून शेवटी खराट्यासारखा तुरा निघाला की माणूस खचतो. म्हणूनच म्हटलं, मूळ ठोंब बघून त्याचाच फुटवा घ्या. आपण गवती चहाचा ठोंब फोडून शेजारी देतो ना, अगदी तसंच. मादी ठोंबाचा फुटवा मादीच निघतो, आणि बियांच्या रोपापेक्षा वर्षभर तरी आधी तुऱ्यावर येतो. तुमची ऑनलाइनची तीन रोपं बियांची असतील तर एक-दोन जमिनीत, उरलेली कुंडीत, अशी तिन्ही वाढवून बघा आणि ज्याचा तुरा चांगला ते ठेवा.

तुरे येतात पावसाळ्याच्या अखेरीस, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे गौरी-गणपतीच्या सजावटीला ते क्वचितच हाती लागतात, दिवाळीला हमखास. गौरींच्या मागे लावायचे असतील तर आदल्या वर्षीचे वाळवून ठेवावे लागतात. वाळवायचे तुरे पूर्ण फुलायच्या आधी काढायचे, हे फार महत्त्वाचं. पात्यातून तुरा बाहेर आला, नुकता सुटा होऊ लागला, अजून ओला-चमकदार आहे, तेव्हा लांब देठासकट कापा. उलटे टांगून दोन-तीन आठवडे कोरड्या खोलीत ठेवा आणि मग तासभर उन्हात धरून हलकेच झटका. आपोआप फुलतात. केसांचा स्प्रे वरून हलका मारला की तंतू गळत नाहीत. पूर्ण फुललेला तुरा कापून घरात आणला तर आठवडाभर सोफ्यावर, पोळ्यांवर, सगळीकडे कापूस.

लवकर कापण्याचं दुसरं कारण माझ्या दृष्टीने सजावटीपेक्षा मोठं आहे. पिकलेल्या एका तुऱ्यात हजारो बिया असतात, वाऱ्यावर दूरवर जाणाऱ्या. कॅलिफोर्नियात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांता बार्बारा भागात तुऱ्यांसाठी या गवताची शेती होत असे. आज तिथल्या किनारपट्टीवर ते उपटून काढण्यावर मेहनत आणि पैसा खर्च होतो. न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि उत्तर स्पेनचा किनारा इथेही तेच दुखणं. न्यूझीलंडमध्ये त्याची विक्री आणि लागवड यांवर बंदी आहे. आपल्याकडे बहुतेक माळ कोरडा, तिथे त्याचं बी सहज रुजणार नाही असं मला वाटतं. पण उजनीच्या कालव्यांचे काठ, नाले, सांडपाण्याचे ओढे आहेतच. गाजर गवत 1955 च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा ते बांधाबांधावर पोहोचेल असं कुणाला वाटलं होतं? वेडी बाभूळ आपण हातानेच लावली. आता पश्चात्ताप करतोय.

आणि सोलापूरच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं. शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोकासाठी 1979 मध्ये तिथे अभयारण्य झालं. पवन्या, कुसळी, मारवेल असल्या गवतांचा तो माळ आहे. त्यावर काळवीट चरतात, लांडगे वावरतात, धाविक पक्षी पळतो. माळढोक आता दिसेनासा झालाय. त्या माळाला आणखी एका परक्या गवताची गरज नाही. नान्नज, मार्डी, वडाळा या बाजूला कुणाचं शेतघर असेल आणि त्यांनी मला पंपास लावून मागितलं तर मी नाही म्हणतो. जुळे सोलापूरसारख्या भरवस्तीत एक मादी ठोंब, तुरे वेळेवर कापणारी मालकीण, याला माझी हरकत नाही. आसपास नर तुरा नसेल तर मादीच्या बिया बहुतांशी फोलच राहतात, म्हणून मादी फुटव्याचा आग्रह इथेही उपयोगी पडतो. तिन्हीपैकी नर निघालेला ठोंब मुळासकट काढून टाका.

ज्यांना पंपासच पाहिजे असं नाही, नुसता गवताचा डौल हवा, त्यांना मी वाळा सुचवतो. काळ्या मातीत, चुनखडीत, पाण्यात, दुष्काळात कुठेही उभा राहतो, चार-पाच फूट उंच कारंज्यासारखा ठोंब होतो, पसरत नाही, आणि मुळं माठात टाकता येतात. पांढरे तुरेच हवे असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सीना-भीमेच्या काठाला कास गवत फुललेलं असतं. शेतकऱ्याला विचारून भारा आणा, तो आनंदाने देईल. पण कास बागेत लावू नका, ते जमिनीखालून पळतं. कुंद्याने आणि हरळीने ज्याचं शेत धरलंय त्याला विचारा, जमिनीखालून पळणारं गवत म्हणजे काय ते.

छाटणी वर्षातून एकदा. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात, तोच मुहूर्त. सगळा ठोंब आधी काथ्याने दोन ठिकाणी आवळून पेंढीसारखा बांधा, मग खालून दीड फुटावर कोयत्याने किंवा आरीने कापा. बांधून कापलं की पानं अंगावर येत नाहीत आणि उचलायला एकच भारा होतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड चामडी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. आधी काठीने ठोंब हलवून बघा, आत काही बसलेलं असेल तर निघून जाईल. काही देशांत ठोंब जागेवरच पेटवून देतात. ते आपण करायचं नाही. चार-पाच वर्षांनी ठोंब मधून पोकळ, वाळका दिसायला लागला की त्याच वर्षीच्या आर्द्रेत कडेचे जोमदार फुटवे पहारीने फोडून नव्याने लावा. फेब्रुवारीत फोडू नका. पुस्तकं थंड प्रदेशांसाठी तसं सांगतात, पण आपल्याकडे फोडलेला तुकडा मूळ धरायच्या आत मार्च-एप्रिलचं ऊन येतं.

आगीचं एक सांगायचं राहिलं. तुरे ऐन दिवाळीत पिकतात आणि जुनी पानं सरपणासारखी पेटतात. शेजारच्या गच्चीवरून आलेला एक बाण पुरतो. म्हणून सिलेंडरची जागा, विजेचा खांब, लाकडी मांडव यांच्याजवळ ठोंब नको. लक्ष्मीपूजनाच्या आधी तुरे कापून आत घ्या आणि त्या संध्याकाळी ठोंबावर पाण्याचे दोन-तीन डबे शिंपडा.

मुलांचं म्हणाल तर फाटकाला नाही म्हणालो ते त्यांच्यासाठीच. चेंडू ठोंबात गेला की मूल हात घालणार, आणि पान डोळ्याच्या उंचीवर असतं. मागच्या कोपऱ्यात लावा आणि समोर गुडघाभर उंचीची कशाचीही दाट ओळ करा, तुळस, आबोली, काहीही. मुलं आपोआप थांबतात.

सासूबाईंची भीती मी खोटी ठरवणार नाही. साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो, आणि उंदराला न छाटलेला, खाली पाचोळा साठलेला ठोंब फार आवडतो. दर महिन्याला बुडातली वाळकी पानं लांब दांड्याच्या दाताळ्याने ओढून काढा, ठोंबाभोवती वीतभर जमीन स्वच्छ ठेवा, पाचट त्या पट्ट्याच्या बाहेरच राहू द्या, कोंबड्यांचं किंवा पाखरांचं दाणापाणी त्या कोपऱ्यात ठेवू नका, आणि रात्री तिथे दिव्याशिवाय जाऊ नका. मी लावलेल्या ज्या बागांत एवढं पाळलं जातं तिथे आजवर साप निघाल्याचा निरोप आलेला नाही. तरीही सासूबाईंच्या मनात धाकधूक राहणार असेल तर यंदा त्या कोपऱ्यात वाळा लावा आणि एकच पंपास मोठ्या सिमेंटच्या कुंडीत, दोन विटांवर उचलून ठेवा. दोन वर्षं जमिनीपासून वर राहील, तुरा मादीचा की नराचा तेही कळेल, आणि मग जमिनीत न्यायचं की नाही ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.